ज्ञानगंगेच्या रानात ऑटोफोकसची कसोटी

दृश्यातील निवडलेली वस्तू सुस्पष्ट उमटावी म्हणून लेन्समधील भिंगे आपोआप मागेपुढे सरकवणारी ऑटोफोकस यंत्रणा स्थिर वस्तूपुढे क्वचितच अडखळते. तिचा खरा कस लागतो तो हलत्या प्राण्यापुढे. बुलढाणा आणि खामगाव यांच्या दरम्यान, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, सुमारे २०५ चौरस किलोमीटरवर पसरलेल्या ज्ञानगंगा अभयारण्याचे शुष्क पानझडी रान तिचा हा कस सर्व बाजूंनी पाहते, कारण येथे अस्वल, बिबट्या वा नीलगाय दिसली तरी तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बहुधा वाळलेले गवत किंवा फांद्यांची जाळी असतेच.

अडचणीचे मूळ प्रकाशशास्त्रात आहे. ६०० मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र एफ/४ इतके उघडे ठेवून २० मीटरवरील प्राणी टिपला, तर पूर्ण आकाराच्या सेन्सरवर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली जेमतेम पाव मीटर भरते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने समोरून येणारी नीलगाय सेकंदाच्या विसाव्या भागात अर्धा मीटर पुढे सरकते. म्हणजे सेकंदाला २० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात लागोपाठच्या दोन चित्रांच्या मधल्या काळातच ती तो पट्टा ओलांडून गेलेली असते.

यावरील पहिला उपाय कलाभेदाच्या मापनाचा. लेन्सच्या दोन विरुद्ध कडांमधून आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रतिमा तुलनेसाठी घेतल्या, की त्यांच्यातील अंतरावरून फोकस किती चुकला आहे आणि तो पुढे न्यावा की मागे, हे एकाच मापनात कळते. केवळ प्रकाश-छायेतील विरोध तपासणाऱ्या पद्धतीला मात्र भिंग पुढेमागे हलवून उत्तर शोधावे लागते. १९७७ सालच्या कोनिका सी३५ एएफने ऑटोफोकस सर्वसामान्यांच्या हाती दिला, तर १९८५ सालच्या मिनोल्टा ७०००ने फोकसचे संवेदक आणि मोटर कॅमेऱ्याच्या अंगातच बसवली. तरीही मोजणी आणि शटर उघडणे यांत काही काळ जातोच, म्हणून १९८८ साली आलेल्या मिनोल्टा ७०००आय आणि निकॉन एफ४ यांनी आधीच्या मापनांवरून प्राणी पुढच्या क्षणी कोठे असेल याचा अंदाज बांधून भिंग तेथे नेण्याची रीत आणली.

अंदाज बांधणाऱ्या या यंत्रणेलाही एक आंधळा क्षण होता. एसएलआर कॅमेऱ्यात चित्र घेताना आरसा वर उचलला जातो आणि तेवढा वेळ फोकसच्या संवेदकापर्यंत प्रकाश पोहोचत नाही. आरसा काढून टाकलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांत मापन चित्र घेणाऱ्या सेन्सरवरच होते. २०१७ सालचा सोनी ए९ सेकंदाला ६० वेळा फोकसची गणना करत २० चित्रे घेऊ शकतो.

परंतु केवळ वेगाने रानातला प्रश्न सुटत नाही. कलाभेदाच्या मापनाला रेषा आणि छटांतील फरक लागतात, आणि अस्वलाच्या काळ्या, लांब केसांच्या अंगावर, विशेषतः संधिप्रकाशात, ते फारसे मिळत नाहीत. उलट त्याच्यापुढील गवताची उजळ काडी यंत्राला सहज सापडते. याच बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवरातील सरोवरावरून पक्षी उडाला की अडथळा पुढून नव्हे, तर मागून येतो, कारण विवराच्या झाडीभरल्या उताराचा पोत पक्ष्याच्या लहानशा देहाहून अधिक ठळक असतो. म्हणून असंख्य चित्रांवर शिकवलेली ओळखप्रणाली पुढील पायरी ठरली: २०२० सालचा कॅनन ईओएस आर५ कुत्रा, मांजर आणि पक्षी ओळखतो, तर २०२१ सालच्या सोनी ए१ने पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस धरण्याची सोय दिली. प्राणी झाडाआड जाऊन पुन्हा बाहेर आल्यावर तो तोच आहे हे जाणणारी यंत्रणाच खऱ्या अर्थाने पाठलाग करते.

याच रानाशी संबंधित दुसऱ्या दोन साधनांवरून ओळखीचे हे महत्त्व अधिक स्पष्ट होते. टिपेश्वर अभयारण्यातून निघून, महाराष्ट्र आणि तेलंगणातून हजाराहून अधिक किलोमीटर चालत २०१९च्या अखेरीस ज्ञानगंगेत पोहोचलेल्या टी१-सी१ या वाघाचा माग रेडिओ कॉलरने ठेवला गेला, म्हणजे त्याची ओळख गळ्यातील पट्ट्याशी जोडलेली होती. व्याघ्रगणनेत वापरले जाणारे कॅमेरा ट्रॅप मात्र कशाचाच पाठलाग करत नाहीत. त्यांचा फोकस बहुधा कायमचा ठरलेला असतो, उष्ण देहाची हालचाल जाणवताच ते चित्र घेतात, आणि वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगवेगळे असल्याने पायवाटेच्या दोन्ही बाजूंना ते समोरासमोर लावले जातात. पट्टे स्पष्ट उमटले, तरच कोणता वाघ गेला हे सांगता येते. हातातल्या कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसचे मूल्यमापनही याच निकषावर व्हावे: गवत, अंधार आणि वेग यांच्यातून त्याने किती चित्रे मिळवली यापेक्षा, त्यांपैकी किती चित्रांत त्याने निवडलेलाच प्राणी ओळखता येईल इतका स्पष्ट राहिला, हे मोजणे अधिक न्याय्य ठरते.