पाकिटावरच्या तारखा

पाकिटाचा कोपरा कापायचा, वाटीतल्या पाण्यात भिजवायचा, तिकीट सुटले की टीपकागदावर वाळवून वहीत चिकटवायचे, हा उद्योग शाळेच्या वयात अनेकांनी केलेला असतो. तिकीट हाती येते. पण त्याबरोबर पत्ता, मागचे शिक्के आणि बहुधा अर्धी तारीखही जाते. जुनी पाकिटे जमवणारे संग्राहक म्हणूनच तिकीट पाकिटापासून सोडवत नाहीत. तिकीट म्हणजे भरलेल्या पैशांची पावती. पत्र कधी निघाले, कुठून निघाले, कुठल्या वाटेने गेले, हे अख्खे पाकीटच सांगू शकते.

पाकिटावर तारीखही एकच नसते. समोर तिकिटावर मारलेला शिक्का रवानगीचा. मागच्या बाजूला पुष्कळदा पोहोचल्याचा शिक्का असतो, कधी मधल्या एखाद्या कार्यालयाचाही. आत पत्र उरले असेल, तर लिहिणाराने घातलेली तारीख वेगळीच. शिवाय ते तिकीट विक्रीला कधी आले, ही पाकिटावर न छापलेली तारीखही संग्राहकाला ठाऊक असावी लागते. या सगळ्या तारखा एकमेकींशी जुळतात का, आणि जुळत नसल्या तर का, हे तपासणे म्हणजे पाकीट वाचणे.

१५ ऑगस्ट १९४७ ही तारीख घेऊ. त्या दिवसाचा शिक्का असलेले पाकीट कोणाला नको असेल? स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट साडेतीन आण्यांचे. त्यावर तिरंगा, ‘जयहिंद’ हे शब्द आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख छापलेली आहे. पण ते विक्रीला आले २१ नोव्हेंबर १९४७ रोजी, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळानंतर. तेव्हा या तिकिटावर १५ ऑगस्टचा शिक्का दिसला, तर आनंदण्याआधी भिंग काढावे. तिकीट मागाहून चिकटवलेले असेल किंवा शिक्काच बनावट असेल. त्या दिवशी खरोखर टपालात पडलेल्या पाकिटांवर सहाव्या जॉर्जचीच छबी आहे. काही पाकिटांवर राजाच्या त्या छबीशेजारी ‘जयहिंद’ असा खास शिक्काही उमटलेला आहे. राज्य संपले त्या दिवशीही तिकीट राजाचेच होते. रोजच्या वापराच्या तिकिटांची नवी मालिका १५ ऑगस्ट १९४९ रोजी आली. अजिंठ्याचा हत्ती, कोणार्कचा घोडा असलेली ती मालिका येईपर्यंत राजाची तिकिटे सर्रास चालत होती.

सरहद्दीपलीकडे हीच गोष्ट आणखी गुंतागुंतीची झाली. पाकिस्तान अस्तित्वात आला, पण त्याची स्वतःची तिकिटे नव्हती. ऑगस्ट-सप्टेंबर १९४७ मध्ये कराचीहून किंवा लाहोरहून निघालेल्या पत्रांवर भारताचीच तिकिटे दिसतात. १ ऑक्टोबरला राजाच्या छबीवर ‘पाकिस्तान’ असे ठसवलेली तिकिटे आली आणि तो शब्द त्यांच्यावर छापला गेला तो आपल्या नाशिकच्या सरकारी छापखान्यात. संग्राहक त्याला आजही ‘नाशिक छपाई’ म्हणूनच ओळखतात. कराचीत तेव्हा मराठी वस्तीही होती. अशा घरांतून निघालेले त्या दोन महिन्यांतले एखादे पाकीट हाती आले, तर रवानगी आणि पोहोच यांच्या शिक्क्यांमधले दिवस मोजावेत. नेहमी काही दिवसांत पोहोचणारे पत्र किती रखडले, हे तिथे आकड्यांत दिसते.

गोव्याची पाकिटेही अशीच बोलतात. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली. पण पोस्टाची खिडकी एका दिवसात बदलली नाही. एस्कुदोंत किंमत छापलेली जुनी तिकिटे लोकांकडे शिल्लक होती आणि भारतीय तिकिटे नुकतीच येऊ लागली होती. त्या डिसेंबरचे अखेरचे दिवस आणि जानेवारीची सुरुवात, एवढ्या अल्प काळातल्या काही पाकिटांवर दोन्ही देशांची तिकिटे शेजारी शेजारी आहेत. त्यानंतरही काही महिने कित्येक ठिकाणी भारतीय तिकिटावर जुना पोर्तुगीज शिक्काच पडत राहिला. इतिहासाच्या पुस्तकात सत्तांतराला एक तारीख असते. सामान्य माणसाच्या हातात ते कधी पोहोचले, ते या पाकिटांवर दिसते.

मुद्दाम तारखेसाठी केलेली पाकिटे हा वेगळा प्रकार. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादच्या प्रदर्शनातून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली. जेमतेम दहा किलोमीटरचे अंतर, पण विमानाने नेलेले ते जगातले पहिले अधिकृत टपाल मानले जाते. पत्रांवर खास शिक्का होता आणि ती आठवण म्हणूनच धाडलेली होती. अशा पाकिटाला मोल आहेच. मात्र लोकांना त्या दिवशी काय जपावेसे वाटले, एवढेच ते सांगते. एखाद्या दुकानदाराने हिशेबासाठी धाडलेले साधे पाकीट कोणाला दाखवण्यासाठी केलेले नसते, म्हणून साक्षीदार म्हणून ते अधिक भरवशाचे.

शिक्का पुसट असला तरी वाट बंद होत नाही. तिकिटाची किंमत नव्या पैशांत असेल, तर पाकीट १ एप्रिल १९५७ नंतरचे. नेहमीच्या तिकिटांबरोबर पाच पैशांचे निर्वासित साहाय्याचे तिकीट असेल, तर ते बांगलादेश युद्धाच्या काळातले. हा अधिभार १५ नोव्हेंबर १९७१ पासून मार्च १९७३ अखेरपर्यंत होता. पत्त्यात ‘गिरगाव, मुंबई ४’ असेल तर बहुधा १९७२ पूर्वीचे. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला आणि त्याच ‘४’चे ४००००४ झाले. लोक जुना आकडा सवयीने पुढेही लिहीत राहिले, म्हणून ‘बहुधा’. उलट सहा आकडी पिन असेल, तर पाकीट त्या तारखेआधीचे असणे शक्य नाही.

ही पाकिटे लिलावातच मिळतात असे नाही. घर रिकामे करताना ट्रंकेत निघतात आणि पत्र ठेवून पाकीट रद्दीत जाते. किंवा नातवंडासाठी तिकीट कापले जाते. तेवढे टाळावे. पत्र आणि पाकीट एकत्र ठेवावे. टाचणी, स्टेपल, चिकटपट्टी लावू नये. ओलीपासून आणि उन्हापासून जपावे. कोणाकडून कोणाला, ही माहिती पाकिटावर न लिहिता वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावी, कारण ती सांगणारी माणसे शिक्क्यांइतकी टिकत नाहीत. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. घरात आलेले शेवटचे रजिस्टर पत्र अजून कुठे कपाटात असेल, तर त्याचे पाकीट फेकण्याआधी मागचा शिक्का एकदा वाचून पाहावा.