शुगरची गोळी म्हातारपण लांबवते का?

नवी पेठेतलं मेडिकल असो की सिव्हिलमधली औषधांची खिडकी, सोलापुरात मेटफॉर्मिनची गोळी रोज हातोहात जाते. शुगर निघाली की बहुतेकांच्या चिठ्ठीवर पहिलं नाव तिचंच असतं. आता शुगर नसलेल्यांच्याही मोबाइलवर तिचं नाव येऊ लागलं आहे, कारण ही स्वस्त गोळी वार्धक्य लांबवते अशी चर्चा आहे. या चर्चेमागे खरं संशोधन आहे, म्हणूनच ते नीट तपासून पाहायला हवं.

औषध जुनं आहे. युरोपातल्या गॅलेगा या वनस्पतीतल्या द्रव्यांवरून त्याचा माग लागला, १९२२मध्ये डब्लिनमध्ये ते प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७मध्ये फ्रान्सच्या ज्याँ स्टर्न यांनी मधुमेहींवरचे परिणाम प्रसिद्ध केले. यकृत रक्तात जी साखर सोडतं, तिला ही गोळी आवर घालते. पेशीतली ऊर्जा कमी पडल्याची खबर ठेवणारं एएमपीके नावाचं विकरही ती जागं करते. उपास किंवा व्यायाम केल्यावर शरीरात जे बदल होतात, त्यांतले काही यातून घडतात. आयुर्मानाशी तिचा संबंध जोडला जातो तो इथे.

१९९८मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या मधुमेह अभ्यासात, वजन जास्त असलेल्या आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण नेहमीच्या आहार-उपचारापेक्षा ३६ टक्क्यांनी कमी आढळलं. खरी खळबळ उडाली ती २०१४मध्ये. कार्डिफच्या संशोधकांनी ७८ हजारांहून अधिक मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तर हे मधुमेही मधुमेह नसलेल्यांपेक्षाही किंचित जास्त जगताना दिसले! पण त्या अभ्यासाची घडण पाहायला हवी. त्यातले रुग्ण मधुमेहाच्या सुरुवातीच्या टप्प्यातले होते आणि ज्यांची शुगर बळावून औषध बदलावं लागलं, ते मोजणीतून बाहेर पडत गेले. मागे उरले ते मुळात बऱ्या तब्येतीचे. २०२२मध्ये डेन्मार्कच्या नोंदी अशाच पद्धतीने पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा तो फायदा दिसला नाही. माझ्या मते इथेच ‘निरोगी माणसानेही घ्यावी’ या दाव्याचा पाया ढासळतो.

प्राण्यांवरचे निष्कर्षही एका दिशेचे नाहीत. २०१३च्या एका प्रयोगात नर उंदरांचं आयुष्य सुमारे पाच टक्क्यांनी वाढलं, पण मात्रा दहापट केल्यावर ते घटलं. अमेरिकेतल्या सरकारी चाचणी कार्यक्रमात नुसत्या मेटफॉर्मिनने ठोस वाढ झाली नाही. २०२४मध्ये चीनमध्ये डझनभर नर माकडांना ४० महिने गोळी दिल्यावर मेंदूच्या वार्धक्याचा वेग मंदावल्याचं दिसलं. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, पण माकडं मोजकी होती. माणसांवरची निर्णायक चाचणी न्यूयॉर्कचे डॉ. नीर बार्झिलाई यांनी आखली आहे. ६५ ते ७९ वयाच्या, मधुमेह नसलेल्या ३,००० जणांना सहा वर्षं पाहायचं, असा तो बेत. पण पेटंट संपलेल्या स्वस्त औषधावर कोट्यवधी खर्च करायला कंपन्या पुढे येत नाहीत आणि चाचणी वर्षानुवर्षं निधीसाठी अडून राहिली. याची मला खंत वाटते.

दुसरीकडे, २०१९च्या एका अमेरिकी अभ्यासात पासष्टी ओलांडलेल्यांनी १४ आठवडे वजनं उचलण्याचा व्यायाम केला. त्यात मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू, न घेणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. म्हातारपणी पडणं-झडणं टाळायचं तर पायांत ताकद हवी, हे घरात वडीलधारी माणसं असलेल्या कुणालाही सांगायला नको.

आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मात्र पुण्याहून येतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के जणांत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळतं. भाकरी, शेंगाचटणी आणि पालेभाजीतून नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होणारं त्याचं शोषण मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास कमी होतं. बी-१२ घटलं की पायांना मुंग्या येतात, तोल जातो, थकवा येतो, विसरायला होतं. घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ वार्धक्य लांबवण्यासाठी घेतलेली गोळी, आधीच बी-१२ कमी असलेल्या माणसात वार्धक्याचीच लक्षणं आणू शकते. पाश्चात्त्य देशांतले निष्कर्ष जसेच्या तसे सोलापूरच्या शाकाहारी घरात आणता येत नाहीत, ते यासाठी.

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठीही आपल्याकडचा पुरावा आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ जणांना सुमारे तीन वर्षं पाहिलं. चालणं आणि आहारबदलाने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, गोळीने २६.४ टक्क्यांनी आणि दोन्ही मिळूनही २८.२ टक्क्यांनीच. सकाळी कंबर तलावाच्या काठाने झपाझप चालणाऱ्याला गोळीने वेगळं काही दिलं नसतं.

शुगर असलेल्यांनी मात्र हे वाचून गोळी बंद करू नये. त्यांच्यासाठी तिचा फायदा सिद्ध झालेला आहे. वर्षानुवर्षं ती घेत असाल, विशेषतः मांसाहार करत नसाल किंवा पायांना मुंग्या येत असतील, तर पुढच्या वेळी एचबीएवनसी या शुगरच्या चाचणीसोबत बी-१२ आणि मूत्रपिंडाची तपासणीही लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा. बी-१२ कमी निघालं तर ते गोळ्या-इंजेक्शनांनी भरून काढता येतं, पण उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी पूर्ण भरून येईलच असं नाही.