'सी'ची गोळी सुरू करण्याआधी 'बी'ची तपासणी का हवी?

हिपॅटायटिस सी आता बरा होतो. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत, शिवाय ताप आणि अशक्तपणा सोसावा लागे. आता सोफोसबुवीरसोबत डॅक्लाटासवीर किंवा वेल्पाटासवीर या गोळ्या रोज एकदा घ्यायच्या, बहुतेकांना 12 आठवडेच. शंभरातले 95 च्या आसपास रुग्ण बरे होतात. मग डॉक्टर आणखी 'बी'ची तपासणी का सांगतात, असा प्रश्न घरच्यांना पडतो.

कारण सोपं आहे. दोन्ही विषाणू दूषित रक्त आणि पुन्हा वापरलेल्या सुईतून पसरतात, त्यामुळे एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. अशा वेळी बहुधा सी वरचढ होतो आणि बी दबून राहतो. पण या गोळ्या फक्त सीवर चालतात. सी झपाट्याने गेला की बी डोकं वर काढतो आणि यकृताला जोरदार सूज येऊ शकते.

ऑक्टोबर 2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने असे 24 रुग्ण नोंदवले. त्यातले दोघे दगावले, एकाचं यकृत बदलावं लागलं. काहींना बीवरचा उपचार उशिरा मिळाला होता. तेव्हापासून या औषधांवर तशी ठळक सूचना असते. म्हणून गोळ्यांना घाबरायचं नाही, आधी तपासून घ्यायचं.

एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या दोन रक्तचाचण्या करून घ्या. पहिली पॉझिटिव्ह आली तर डॉक्टर सीच्या गोळ्यांबरोबर टेनोफोवीर किंवा एन्टेकावीर देतात. फक्त दुसरी पॉझिटिव्ह असेल तर धोका फार कमी असतो, पण अधूनमधून एसजीपीटी तपासावं लागतं.

एचआयव्हीची तपासणीही टाळू नका. एचआयव्ही असताना बीसाठी एकटी एन्टेकावीर घेतली, तर पुढे एचआयव्ही काही औषधांना दाद देत नाही. टेनोफोवीर आणि लॅमिव्हुडिन मात्र दोन्ही विषाणूंवर चालतात.

सी गेला की नाही, हे कोर्स संपल्यावर 12 आठवड्यांनी आरएनए चाचणीत कळतं. बी मात्र सहसा पूर्ण जात नाही, दाबून ठेवावा लागतो. "आता बरं वाटतंय" म्हणून बीची गोळी मनाने बंद केली तर तो पुन्हा उसळतो.

रमजानमध्ये एक वेळची गोळी इफ्तार किंवा सहरीच्या सुमारास घेता येते. पण एन्टेकावीर उपाशीपोटी घ्यायची असते, म्हणून वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा. सिरॉसिस असेल तर रोजा झेपेल का, हेही विचारा.

28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. घरात एकाला बी निघाला तर बाकीच्यांनीही तपासून घ्यावं, आणि ज्यांना नाही त्यांनी लस घ्यावी.