हर्मेटिक तत्त्वज्ञान, आधुनिक यातुविद्या आणि कोलकाता

‘पिंडी ते ब्रह्मांडी’ ही म्हण मराठी माणूस इतक्या सहजतेने वापरतो, की तिच्यामागे एक संपूर्ण विश्वकल्पना उभी आहे याचे त्याला भान राहत नाही. मानवी देह हा विश्वाचा संक्षेप आहे, जे बाहेर विस्ताराने आहे तेच आत संकोचाने आहे आणि म्हणून आतले ओळखले की बाहेरचे उमगते, असा तिचा आशय. पश्चिमेकडे ही कल्पना हर्मीसच्या नावाशी जोडली गेली आहे. वरचे जग आणि खालचे जग परस्परांना अनुरूप आहेत असे सांगणारा, ‘पाचूची पाटी’ या नावाने प्रसिद्ध असलेला छोटा लेख त्याच्याच नावावर मोडतो. दोन दूरच्या परंपरांत इतके साम्य आढळले, की अभ्यासकाला दोन मोह होतात. एक, हे सारे आपल्याकडूनच तिकडे गेले असे मानण्याचा. दुसरा, दोन्ही परंपरा एकाच गुप्त आदिज्ञानाच्या शाखा आहेत असे मानण्याचा. दोहोंतही साम्य हाच पुरावा समजला जातो. वस्तुतः साम्य हा प्रश्नाचा आरंभ असतो, उत्तर नव्हे. या दृष्टीने कोलकात्याचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या दोन प्रवाहांचा संबंध ज्ञात व्यक्तींच्या आणि छापील ग्रंथांच्या द्वारा आला, आणि म्हणून कोणी काय दिले व कोणी काय घेतले हे तेथे तपासून पाहता येते.

प्रथम हर्मेटिक वाङ्मयाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. ग्रीकांचा हर्मीस आणि इजिप्तचा लेखनदेव थॉथ यांच्या संयोगातून ‘त्रिवार महान हर्मीस’ ही व्यक्तिरेखा घडली. तिच्या नावावरील तत्त्वपर संवाद इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत, रोमन सत्तेखालील इजिप्तमध्ये, ग्रीक भाषेत लिहिले गेले. त्यांतील सतरा एका संग्रहात टिकून आहेत आणि ‘अस्क्लेपियस’ हा संवाद लॅटिन रूपात उपलब्ध आहे. गुरु-शिष्यांच्या या संभाषणांचा मुख्य विषय ईश्वराचे ज्ञान हा आहे. सात ग्रहगोल ओलांडून, प्रत्येक गोलाशी एकेक विकार टाकीत जीव मूळ स्थानी कसा परततो, याचे वर्णन पहिल्याच संवादात येते. याच्या जोडीला ज्योतिष, किमया आणि ताईत यांवरील ग्रंथही त्याच नावावर होते. फेस्तुजिएरसारख्या पंडितांनी या दोन वर्गांत भिंत उभी केली. १९८६ मध्ये गार्थ फौडेन यांनी ती बरीचशी पाडली आणि क्रियापर ग्रंथ हे ज्ञानमार्गाची पूर्वतयारी होते असे प्रतिपादन केले. १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या कॉप्टिक हस्तलिखितांत आठव्या व नवव्या लोकांवरील जो संवाद मिळाला, त्यातही उपदेशाबरोबर प्रार्थना आणि साक्षात्कार आहेत. क्रिया होती, परंतु ती ज्ञानाची दासी होती.

या वाङ्मयाच्या प्रतिष्ठेचा आधार मात्र त्याचा आशय नव्हता, तर मानलेले प्राचीनत्व होता. १४६३ मध्ये कोझिमो द मेदिची याने प्लेटोचे भाषांतर बाजूला ठेवावयास लावून मार्सिलिओ फिचिनो याच्याकडून प्रथम हर्मीस भाषांतरित करून घेतला, कारण हर्मीस हा मोझेसच्या काळातला ऋषी असल्याची समजूत होती. १६१४ मध्ये इझाक कॅझोबाँ याने भाषेच्या पुराव्यावरून हे ग्रंथ ख्रिस्तोत्तर काळातले असल्याचे दाखवून दिले. पंडितांच्या लेखी हर्मीसचे वय घटले, तरी गूढवादी मंडळांत त्याचे माहात्म्य कमी झाले नाही.

आधुनिक यातुविद्येचा संघटित आरंभ १८८८ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या संप्रदायापासून मानता येईल. त्याच्या पूर्ण नावात ‘हर्मेटिक’ हे विशेषण होते. मात्र त्याची सामग्री बहुतांशी हर्मीसच्या संवादांतली नव्हती. ज्यू गूढवादातील दहा स्थानांचा वृक्ष, हिब्रू वर्णमालेची बावीस अक्षरे, टॅरोची पाने, ग्रह, धातू आणि इजिप्तच्या देवता यांची ती मांडणी होती. हर्मेटिक तत्त्वज्ञानाने तिला पुरविला तो एक नियम, अनुरूपतेचा. प्रत्येक रंग, अक्षर, धातू आणि देवता यांचे वरच्या जगात स्थान ठरलेले आहे, म्हणून येथे एकाला स्पर्श केला की तेथे दुसरे हलते, अशी ही श्रद्धा. याच संप्रदायातून पुढे आलेल्या अॅलिस्टर क्राउली याने १९०९ मध्ये ‘७७७’ या ग्रंथात अशा अनुरूपतांची कोष्टकेच छापली. नंतर त्याने यातुविद्येची व्याख्या केली तीही इच्छेनुसार परिवर्तन घडवून आणण्याचे शास्त्र व कला अशी. हर्मीसच्या शिष्याला जगापासून सुटका हवी होती. आधुनिक साधकाला जगावर परिणाम हवा होता. नियम तोच राहिला, प्रयोजन पालटले. शिकागो येथे १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘किबॅलियन’ या पुस्तकाने हर्मीसची म्हणून सात तत्त्वे मांडली. आजचे कित्येक साधक त्यांनाच प्राचीन हर्मेटिक तत्त्वज्ञान समजतात. तिचा अनामिक कर्ता विल्यम वॉकर अॅटकिन्सन हा असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि ‘योगी रामचरक’ या नावाने श्वासविद्येवर पुस्तके लिहिणाराही तोच होता. एकाच लेखणीतून हर्मीस आणि योगी दोघेही निघाले, ही घटना त्या काळाविषयी पुष्कळ काही सांगते.

कोलकात्याचा यातील पहिला भाग वाङ्मयीन व्यक्तींच्या द्वारा आला. १८७५ मध्ये न्यूयॉर्क येथे निघालेली थिऑसॉफिकल सोसायटी १८७९ मध्ये मुंबईस आली. १८८२ मध्ये तिची बंगाल शाखा कोलकात्यास स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद प्यारीचांद मित्र यांच्याकडे आले. ‘आलालेर घरेर दुलाल’ या आरंभीच्या बंगाली कादंबरीचे कर्ते म्हणून साहित्याचा इतिहास त्यांना ओळखतो. पत्नीच्या निधनानंतर ते आत्मवादाकडे वळले होते. त्याच वर्तुळातून मोहिनीमोहन चट्टोपाध्याय हा तरुण वकील १८८४ मध्ये ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट यांच्याबरोबर युरोपास गेला. ठाकूर घराण्याशी त्याचा विवाहसंबंध होता. इकडे डब्लिन येथे १६ जून १८८५ रोजी विल्यम बटलर येट्स याच्या अध्यक्षतेखाली काही तरुणांनी ‘डब्लिन हर्मेटिक सोसायटी’ची पहिली बैठक भरविली. त्यानंतर थोड्याच काळात मोहिनीमोहन या मंडळींत जाऊन बोलले.

हर्मीसच्या नावाने जमलेल्या या तरुणांना मोहिनीमोहनांनी सांगितले ते मंत्रतंत्र नव्हे, तर शांकर वेदान्त. पुढे त्यांनी ‘विवेकचूडामणी’ आणि भगवद्गीता यांचे इंग्रजी अनुवाद केले, यावरूनही त्यांचा कल स्पष्ट होतो. या भेटीची आठवण येट्सला आयुष्यभर राहिली आणि १९२९ मध्ये त्याने मोहिनीमोहनांच्याच नावाची कविता लिहिली. तिच्या पूर्वार्धात ब्राह्मणाचा उपदेश आहे. जीवाने अनंत जन्मांत सर्व भूमिका भोगलेल्याच आहेत, तेव्हा मागणे मागण्याचे प्रयोजन उरत नाही, असा त्याचा रोख. उत्तरार्धात कवी स्वतःचे भाष्य जोडतो आणि तेथे हेच अनंत जन्म अतृप्त प्रेमिकांना तृप्तीचे आश्वासन बनतात. पुनर्जन्माची कल्पना कोलकात्याची खरी, पण वैराग्याचा युक्तिवाद डब्लिनला पोहोचून वासनेचा युक्तिवाद झाला. कवितेच्या दृष्टीने हे नवनिर्माण आहे. तिला वेदान्ताचा पुरावा मानणारा समीक्षक मात्र फसतो. येट्स १८९० मध्ये गोल्डन डॉनमध्ये दाखल झाला. १९०१ च्या ‘मॅजिक’ या निबंधात, प्रतीकांनी एका महामनाला व महास्मृतीला आवाहन करता येते, असा सिद्धान्त त्याने मांडला. त्याच्या प्रतीकविचाराची घडण येथे झाली.

त्या संप्रदायात भारतीय सामग्रीही शिरली होती. मेरठचे रामप्रसाद यांचे श्वास व तत्त्वे यांवरील पुस्तक थिऑसॉफिस्टांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील पंचतत्त्वांच्या आकृती, म्हणजे पृथ्वीचा पिवळा चौकोन, आपाची रुपेरी चंद्रकोर, तेजाचा तांबडा त्रिकोण, वायूचे निळे वर्तुळ आणि आकाशाचा काळसर अंडाकार, यांची पत्ती करून साधक त्यांवर दृष्टी स्थिर करीत आणि त्या आकृतीतून कल्पनेने पलीकडे शिरत. स्वरोदयशास्त्रात याच तत्त्वांचा उपयोग वाहत्या श्वासाचे लक्षण जाणण्यासाठी होता. येथेही वस्तू गेली, प्रयोजन मागे राहिले.

या पार्श्वभूमीवर सर जॉन वुड्रफ यांच्या कार्याचे मोल कळते. ते १९०४ ते १९२२ या काळात कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. ‘आर्थर अॅव्हलॉन’ या नावाने १९१३ मध्ये ‘महानिर्वाणतंत्रा’चा अनुवाद आणि १९१९ मध्ये ‘द सर्पंट पॉवर’ हे ग्रंथ प्रसिद्ध झाले. या नावामागे एकटे वुड्रफ नव्हते. कॅथलीन टेलर यांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की संस्कृत ग्रंथांवरील पुष्कळसे काम कोलकात्याचे वकील अटलबिहारी घोष यांचे होते. एका इंग्रजी भासणाऱ्या नावाआड एक बंगाली पंडित झाकला गेला, ही गोष्ट या सबंध व्यवहारातील सत्तासंबंधांवर प्रकाश टाकते.

‘द सर्पंट पॉवर’मध्ये पूर्णानंदांच्या ‘षट्चक्रनिरूपणा’चा अनुवाद आहे. ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णन वाचलेल्या मराठी वाचकाला हा विषय नवा नाही. पूर्णानंदांच्या रचनेत सहा कमळांना अनुक्रमे चार, सहा, दहा, बारा, सोळा आणि दोन पाकळ्या आहेत. त्यांची बेरीज पन्नास होते आणि प्रत्येक पाकळीवर संस्कृत वर्णमालेचा एक वर्ण आहे. म्हणजे येथे देह हा वाणीचाच विस्तार आहे. बावीस हिब्रू अक्षरांच्या कोष्टकात ही पन्नास वर्णांची मातृका बसविता येत नाही. बसविली तर वर्ण गळतात आणि केवळ ‘शक्तिकेंद्रे’ उरतात. नेमके हेच घडले. थिऑसॉफिस्ट लेडबीटर यांनी अतींद्रिय दृष्टीने पाहिलेली म्हणून जी केंद्रे वर्णिली, त्यांत स्वाधिष्ठानाच्या जागी प्लीहेचे केंद्र आले. हे वर्णन योगशास्त्रातील वर्णनाशी जुळत नाही, हे वुड्रफ यांनी आपल्या प्रस्तावनेतच नोंदविले होते. कोलकात्याने आक्षेप वेळेवर घेतला. परंतु आक्षेपापेक्षा चक्रांची चित्रे अधिक लांब गेली. दीक्षा आणि अधिकार यांविना तंत्रातील मंत्र हा केवळ ध्वनी असतो, हा मुद्दाही त्या चित्रांत उमटण्यासारखा नव्हता.

याचा अर्थ कोलकात्याची बाजू सर्वस्वी शुद्ध होती असा नव्हे. वुड्रफ यांनी आरंभी निवडलेले ‘महानिर्वाणतंत्र’ अनेक अभ्यासक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानतात. त्यातील ब्रह्मोपासनेचा आणि समाजसुधारणेचा सूर नव्या काळाशी इतका जुळतो, की हे मत सहज डावलता येत नाही. हर्मीसला जसा कॅझोबाँ भेटला, तसाच प्रसंग या तंत्रावरही आला. दोन्हीकडे ग्रंथाचे मोल त्याच्या वयावर ठरविले गेले होते. ग्रंथ उत्तरकालीन ठरल्याने तो खोटा ठरत नाही. मात्र आदिज्ञानाचा पुरावा म्हणून त्याला उभे करता येत नाही.

या व्यवहाराचा परतीचा प्रवासही पाहिला पाहिजे. ज्या इंग्रजी-शिक्षित बंगाली वाचकाला तंत्र हे लज्जास्पद वाटत होते, त्याला ते न्यायाधीशाच्या इंग्रजीतून, विज्ञानाची परिभाषा लेवून परत मिळाले आणि आदरणीय वाटू लागले. १९१२ मध्ये येट्सने रवींद्रनाथांच्या इंग्रजी ‘गीतांजली’ला प्रस्तावना लिहिली, तेव्हा महास्मृतीवर श्रद्धा असलेल्या या कवीला त्या गीतांत अखंड राहिलेल्या प्राचीन संस्कृतीचा स्वर ऐकू आला. कथाकार, नाटककार, उपहासकार आणि राजकीय निबंधकार रवींद्रनाथ त्या प्रतिमेआड दीर्घकाळ झाकले गेले. कोलकात्यातून अर्धवट ऐकलेले तत्त्वज्ञान कोलकात्याच्याच कवीवर मापदंड म्हणून परत आले, असे म्हणणे वावगे ठरू नये.

भारतीय समीक्षेला यातून घ्यावयाचा बोध तिच्याच अलंकारशास्त्रात आहे. उपमेत साम्य सांगितले जाते आणि भेद कायम राहतो. रूपकात अभेदाचा आरोप असतो, पण तो आरोप आहे हे कवी आणि रसिक दोघेही जाणतात. भ्रांतिमानात मात्र साम्यामुळे एक वस्तू दुसरीच समजली जाते. हर्मेटिक तत्त्वज्ञान आणि तंत्र यांच्यात उपमा निश्चित आहे. येट्सने तिचे रूपक केले आणि त्याला तो अधिकार होता. समीक्षकाने त्या रूपकाची भ्रांती करून घेतली, तर पन्नास वर्णांची मातृका, मोहिनीमोहनांचे वैराग्य आणि अटलबिहारींचे नाव ही तिन्ही हातची जातात. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ हे कितीही खरे असले, तरी कोणत्या पिंडाविषयी आणि कोणत्या भाषेत बोलणे चालले आहे, हे विचारण्याचे काम समीक्षेकडेच राहते.