कमानपाटा वाकतो, पण वाकडा का राहत नाही?

गाळप हंगाम तोंडावर आला, की गाडीमालक सभासद टायर, बेअरिंग, हूक सगळे बघून घेतात. कमानपाट्याकडे मात्र तो तुटल्यावरच लक्ष जाते. मग घाईघाईनं वेल्डिंग मारायचे आणि गाडी पुन्हा फडात. हे का धोक्याचे आहे, ते पाटा कसा तयार होतो हे पाहिले म्हणजे कळेल.

एकाच मापाची साधी लोखंडी पट्टी आणि पाटा घ्या. दोन्हींवर सारखेच ओझे ठेवले तर सुरुवातीला दोन्ही जवळजवळ सारखेच लवतात! फरक पुढे पडतो. साध्या पट्टीवर दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५ किलोचा ताण आला, की ती वाकली ती वाकलीच. पाट्याचे पोलाद १०० किलोच्या वर ताण सोसून परत मूळ जागी येते. म्हणजे इथे लवचिकपणा हा मऊपणा नव्हे, तो ताकदीतूनच येतो.

ही ताकद येते कुठून? या पोलादात कार्बन असतो शेकडा अर्ध्याच्या थोडा वर, शिवाय दीड-दोन टक्के सिलिकॉन आणि थोडे मँगनीज. साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवून ते एकदम तेलात बुडवतात. कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमध्ये अडकून बसतात, थरावर थर घसरेनासा होतो. पण असे पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा साधारण ४५० ते ५०० अंशांवर तापवतात. थोडा कडकपणा जातो, चिवटपणा येतो. आपला लोहार कोयत्याला पाणी देतो, तो याच जातीचा प्रकार. जुन्या पाट्याचा कोयता धार का धरतो, हेही यात आलेच.

आता वेल्डिंगचे बघा. सांध्यालगतचा भाग तापून झटकन निवतो, तो ठिसूळ. त्याच्या पलीकडचा नुसताच जास्त तापतो, तो नरम. एका पाट्यात तीन जातींचे लोखंड झाले! भरल्या गाडीला खड्डा लागला, की पाटा तिथेच जातो, आणि उतारावर गेला तर गाडीसकट माणसेही जातात.

पाट्यांच्या जुडग्याऐवजी एकच जाड पाटा घालण्याची युक्तीही खोटी. तेवढेच लवताना दुप्पट जाडीच्या पाट्याच्या पृष्ठभागावर दुप्पट ताण येतो.

तुटलेला पाटा बदलावा, जोडू नये. गंजाचे खड्डे आणि छिन्नीचे ओरखडे असलेला पाटाही बाजूला काढावा, चीर तिथूनच सुरू होते. यू-बोल्ट ढिले राहिले तर पाटा मधल्या भोकापाशी तुटतो. नवीन पाटे बसवल्यावर पहिल्या भरल्या खेपेनंतर ते पुन्हा आवळून घ्यावेत.