सूक्ष्मप्लॅस्टिकची विषकारकता : एका विधानाची कसोटी

जालना जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. परंतु समुद्राशी त्याचा संबंध नाही असे मात्र म्हणता येत नाही. जालना शहरातून वाहणारी कुंडलिका दुधनेस मिळते, दुधना पूर्णेस व पूर्णा गोदावरीस मिळते. आणि जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी अखेर बंगालच्या उपसागरास जाऊन मिळते. याच जिल्ह्यात कडवंचीच्या द्राक्षबागांसाठी खोदलेल्या शेततळ्यांना प्लॅस्टिकचे अस्तर असते, मोसंबीच्या बागांतून ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात व भाजीपाल्याच्या वाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरलेला असतो. ऊन, वारा व नांगर यांच्या योगाने या वस्तूंचे तुकडे होत जातात. वाटेतील धरणे त्यांपैकी काही गाळाबरोबर अडवितात. उरलेल्यांचा मार्ग समुद्राकडे जातो. तेथील जीवसृष्टीवर त्यांचा काय परिणाम होतो, हा प्रश्न म्हणूनच येथील अभ्यासकासही परका नाही.

पाच मिलिमीटरांहून लहान अशा प्लॅस्टिकच्या कणांस सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. रिचर्ड थॉम्प्सन व त्यांचे सहकारी यांच्या २००४ मधील निबंधापासून ही संज्ञा शास्त्रीय लेखनात रूढ झाली. समुद्रातील सूक्ष्मजीवांचा विचार येथे अगत्याचा ठरतो; कारण पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे निम्मे कार्य समुद्रातील सूक्ष्म शैवले व तत्सम जंतू करतात. त्यांच्या वाढीस बाध आला तर त्याचा परिणाम मासळीपासून हवेतील कार्बन डायऑक्साइडपर्यंत पोहोचेल.

तथापि ‘सूक्ष्मप्लॅस्टिक विषारी आहे’ हे विधान व्याकरणदृष्ट्या पूर्ण असले तरी अर्थदृष्ट्या अपुरे आहे. विषारीपणा हा रंगासारखा पदार्थाचा अंगभूत गुण नव्हे. तो पदार्थ आणि जीव यांच्यामधील संबंध होय. कोणत्या जीवाला, किती मात्रेत, किती वेळात आणि कोणत्या प्रकारचा अपाय होतो, या चार पदांची पूर्ती झाल्यावाचून त्या विधानाची सत्यासत्यता ठरविता येत नाही. विषकारकतेची कसोटी म्हणजे ही चार पदे प्रयोगाने भरण्याची रीत होय.

समुद्री शैवलांसाठी जी आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धती (आयएसओ १०२५३) आहे, तीत स्केलेटोनेमा किंवा फिओडॅक्टिलम या एकपेशीय शैवलाची वाढ ७२ तासांपर्यंत पाहतात. काही चंबूंत पदार्थाची मात्रा क्रमाने वाढवीत नेतात. काही चंबू पदार्थाविना, केवळ तुलनेसाठी ठेवतात. ज्या मात्रेस वाढीचा वेग तुलनेच्या चंबूंतील वेगाच्या निम्म्यावर येतो, तिला अर्धपरिणामी मात्रा म्हणावे. दुसऱ्या एका पद्धतीत प्रकाशमान समुद्री जंतूंचे तेज अर्ध्या तासात किती घटते हे मोजतात.

या पद्धती मुख्यत्वे पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांकरिता आखलेल्या आहेत. प्लॅस्टिकचे कण विरघळत नाहीत. पॉलिथिलीन समुद्राच्या पाण्याहून हलके असल्याने तरंगते, पीव्हीसी जड असल्याने तळाशी बसते. त्यामुळे चंबूत घातलेली मात्रा आणि जीवाच्या वाट्यास आलेली मात्रा एक राहत नाही. मात्रा कशी सांगावयाची, हाही प्रश्न आहे. एक मिलिमीटर व्यासाच्या एका गोलकाचे वजन दहा मायक्रोमीटर व्यासाच्या दहा लक्ष गोलकांइतके असते. त्या दहा लक्षांचे एकत्रित पृष्ठफळ मात्र मोठ्या गोलकाच्या शंभरपट भरते. म्हणून वजन, संख्या व आकार ही तिन्ही दिल्याशिवाय दोन प्रयोगांची तुलना होऊ शकत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न कर्त्याचा आहे. अपाय करतो तो कण स्वतः, त्यातून पाझरणारी रसायने, की कण ज्या द्रवात साठविले होते तो द्रव? प्रोक्लोरोकॉकस हा समुद्री जंतू सुमारे ०.६ मायक्रोमीटरांचा असतो. त्याहून मोठा कण तो गिळू शकत नाही हे उघड आहे. परंतु प्लॅस्टिकच्या पिशव्या व पीव्हीसीची चटई ज्यात भिजविली होती त्या पाण्याने त्याची वाढ व प्रकाशसंश्लेषण मंदावते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखविले. येथे कर्ता कण नसून पाझर होय. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिक-गोलकांच्या द्रवात पुष्कळदा सोडियम अ‍ॅझाइड हे परिरक्षक मिसळलेले असते. गोलकांच्या माथी मारली जाणारी विषकारकता वस्तुतः या परिरक्षकाची असू शकते, हे त्याच वर्षी डॅफ्निया या गोड्या पाण्यातील जीवावरील प्रयोगांनी निदर्शनास आणले.

म्हणून नीट आखलेल्या कसोटीत नुसत्या पाण्याच्या चंबूखेरीज आणखी तीन प्रकारचे चंबू हवेत : कण गाळून काढलेल्या पाझराचे, केवळ साठवणीच्या द्रवाचे, आणि केओलिनसारख्या मातीच्या तेवढ्याच आकाराच्या कणांचे. शेवटच्या चंबूवरून वाढ घटली ती प्लॅस्टिकमुळे, की कोणत्याही कणाने प्रकाश अडविल्यामुळे, हे कळून येते.

इतके करूनही प्रयोगशाळेतील कोरा गोलक आणि शेतातून नदीमार्गे समुद्रात गेलेला झिजका तुकडा एक नव्हेत. अशा तुकड्यावर जंतूंची स्वतंत्र वस्तीच वाढते, हे झेटलर प्रभृतींनी २०१३ मध्ये दाखवून दिले आहे. तेव्हा एखाद्या कसोटीत अपाय दिसला नाही, एवढ्यावरून ‘सूक्ष्मप्लॅस्टिक विषारी नाही’ असे म्हणणे हेही तितकेच अपुरे विधान ठरेल. शेततळ्याच्या अस्तराचा तुकडा समुद्रात घातक की निर्धोक, हे सांगू पाहणाऱ्याने जीव, मात्रा, काल, अपाय आणि कर्ता ही पाचही पदे भरली आहेत की नाहीत, हे प्रथम पाहिले पाहिजे. त्यांतील एखादे पद रिकामे असेल, तर त्या निष्कर्षावर ना शेतकऱ्यास दोष देता येईल, ना त्यास निश्चिंत राहण्यास सांगता येईल.