मोसंबीचे आईबाप

शिर्डीच्या बाजारात आम्ही मोसंबी घेतो, ती दोन घराण्यांची लेक. फार पूर्वी पपनस आणि संत्रे यांच्या वंशांचा संकर झाला, त्यातून हे कूळ निघाले. कळले कसे? झाडाच्या कणाकणात वंशाचा लेख असतो. शास्त्रज्ञांनी तो वाचून ताडून पाहिला. २०१४ साली तसे छापूनही आले. पानातल्या हिरव्या कणांचा लेख मात्र वेगळा. तो आईकडूनच येतो. मोसंबीत तो पपनसाचा निघाला. म्हणजे आईकडचे कूळ पपनसाचे!

मोसंबीचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात. ती जंबेरीही संकराचीच. आई संत्र्याच्या कुळातली, बाप महाळुंग. असे एकाच झाडात वर एक घराणे, खाली दुसरे. वरच्या सालीला डिंक्या रोग लवकर धरतो. रोप लावताना डोळा भरलेली जागा मातीत पुरू नका.